जुन्या इलेक्ट्रिक कारच्या बॅटरीतला मागे पडलेला सेल कसा शोधायचा

स्क्रीनवर २० टक्के चार्ज दिसतोय. चढ लागतो, अ‍ॅक्सिलरेटर जरा जास्त दाबला जातो आणि आकडा एकदम ९ वर येतो, पॉवर कमी झाल्याची खूण पेटते. चढ संपून गाडी सपाटीला लागली की पुन्हा नीट चालायला लागते. जुनी इलेक्ट्रिक कार वापरणाऱ्या अनेकांना हा अनुभव येतो आणि लगेच वाटतं, बॅटरी संपली. दर वेळी तसं नसतं. सगळी बॅटरी सारखीच थकली असेल तर रेंज हळूहळू कमी होत जाते. असा मध्येच दगा बसतो तेव्हा बऱ्याचदा शंभरेक सेलपैकी एक-दोनच मागे पडलेले असतात. या दोन्हींचे उपाय वेगळे आणि खर्चही वेगळा. म्हणून घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते खिशात हात घालण्याआधी शोधायचं. यातला बराचसा शोध बॅटरीचं झाकण न उघडता घेता येतो.

नवीन माणूस सेलचं व्होल्टेज दाखवणारं अ‍ॅप उघडतो, सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या सेलमधला फरक बघतो आणि विचारतो, "६० मिलिव्होल्ट म्हणजे वाईट का?" याचं उत्तर त्या एका आकड्यात नसतं. किती चार्ज असताना, किती करंट वाहत असताना, आणि तो खालचा सेल दर वेळी तोच आहे का, या तीन गोष्टी कळल्याशिवाय ६० ला काही अर्थ नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या तीन गोष्टी गोळा करण्यासाठीच आहेत.

आधी पॅकची रचना

पहिल्या पिढीच्या निसान लीफच्या २४ किलोवॉट-तासांच्या पॅकमध्ये, म्हणजे सबंध बॅटरीत, १९२ सेल होते. दोन-दोन सेल पॅरलल जोडून ९६ जोड्या आणि त्या ९६ जोड्या एकामागे एक सिरीजमध्ये. रेनो झोईच्या २२ किलोवॉट-तासांच्या पॅकची रचनाही अशीच. शेवरले बोल्टच्या पॅकमध्ये तीन-तीनचे ९६ गट, म्हणजे २८८ सेल. टेस्ला मॉडेल एसच्या ८५ किलोवॉट-तासांच्या पॅकमध्ये ७,१०४ छोटे सेल, ७४ चा एक गट, असे ९६ गट. बॅटरी सांभाळणारी यंत्रणा, म्हणजे बीएमएस, प्रत्येक गटाचं मिळून एकच व्होल्टेज मोजते. म्हणून अ‍ॅपमधला "सेल ४१" हा खरं तर ४१ वा गट असतो. लीफमध्ये जोडीतला एक सेल निकामी झाला तर त्या गटाची क्षमता निम्मी होते आणि ते लगेच दिसतं. ७४ पैकी एक गेला तर फरक दीड टक्क्याहूनही कमी पडतो.

सिरीजमध्ये सगळ्या गटांतून एकच करंट वाहतो. गाडी चालताना जो गट आधी तळ गाठतो तो सगळ्या पॅकला थांबवतो, आणि चार्जिंगमध्ये जो आधी वर पोचतो तो चार्जिंग थांबवतो. समजा बहुतेक गटांची क्षमता ५५ अँपिअर-तास (किती चार्ज मावतो त्याचं माप) आहे आणि एकाची ४८, तर पॅक ४८ च देणार. उरलेल्या ९५ गटांत चार्ज शिल्लक असतो, पण तो काढता येत नाही.

सेल तीन प्रकारे मागे पडतो

पहिला प्रकार साधा. सेल धडधाकट आहे, पण त्यात इतरांपेक्षा चार्ज कमी आहे. त्याची आपोआप होणारी गळती जरा जास्त आहे, किंवा गाडी वर्षानुवर्षं पूर्ण चार्जच झाली नाही म्हणून बीएमएसला बॅलन्सिंगची, म्हणजे सगळ्या सेलचा चार्ज सारखा करण्याची, संधी मिळाली नाही.

दुसऱ्या प्रकारात सेलची क्षमताच घटलेली असते. वर तो इतरांच्या बरोबरीने असतो, पण खाली लवकर येतो.

तिसरा प्रकार अंतर्गत रेझिस्टन्स, म्हणजे करंटला सेलच्या आतून होणारा विरोध, वाढल्याचा. गाडी उभी असताना सेल इतरांसारखाच दिसतो, करंट खेचला की कोसळतो, आणि करंट थांबला की परत वर येतो. सुरुवातीला सांगितलेला चढावरचा दगा बहुतेकदा दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराच्या संगतीतून येतो, कारण म्हातारा सेल सहसा दोन्हीकडून खचतो.

सुरक्षेबद्दल

या लेखातली प्रत्येक मोजणी ओबीडी पोर्टमधून, म्हणजे गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटमधून, होते. पॅक उघडायचा नाही. ३०० ते ४०० व्होल्ट डीसी, काही गाड्यांत ८०० च्या आसपास, माणसाचा जीव घ्यायला पुरेसं आहे. सर्व्हिस प्लग काढला म्हणजे पॅक मेला असं अनेकांना वाटतं. प्लग काढल्याने सर्किट तुटतं, पण तुटलेल्या प्रत्येक भागात सेल तसेच जिवंत असतात. सेल बंद करायचं बटण नसतं. हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबल, पॅकचं झाकण आणि त्याच्या आतलं सगळं काम प्रशिक्षित माणसाचं.

पायरी १: तयारी

ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर आणि तुमच्या गाडीचे सेल वाचणारं अ‍ॅप लागतं. लीफसाठी लीफस्पाय, झोईसाठी कॅनझी, टेस्लासाठी स्कॅन माय टेस्ला, आणि इतर बऱ्याच गाड्यांसाठी कार स्कॅनर. ईएलएम३२७ नावाने मिळणारे फार स्वस्त अडॅप्टर अर्धवट नकला असतात. सेलचे आकडे गाळलेले किंवा अडकलेले दिसले तर आधी अडॅप्टरवर संशय घ्या.

गाडीची छोटी १२ व्होल्टची बॅटरी तपासून घ्या. ती कमजोर असेल तर गाडीतले कंट्रोलर नको ते फॉल्ट दाखवतात आणि तुम्ही भलत्याच दिशेला जाता.

मग एक वही किंवा शीट. दर नोंदीला तारीख, चार्जचे टक्के, पॅकचं तापमान, करंट, सगळ्या सेलची सरासरी, सर्वांत वरचा सेल क्रमांकासह आणि सर्वांत खालचे तीन सेल क्रमांकासह. खालचे तीन का, ते शेवटी येईल.

पायरी २: पूर्ण चार्ज, पूर्ण विश्रांती

घरच्या हळू चार्जरवर गाडी १०० टक्के होऊ द्या. चार्जिंग संपल्यावर दोन-तीन तास उभी ठेवा आणि मग वाचन घ्या. चार्जिंग थांबल्याबरोबर घेतलेल्या वाचनात करंटचा परिणाम शिल्लक असतो.

निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या सेलचं व्होल्टेज इथे ४.१ ते ४.२ च्या दरम्यान असतं. ढोबळ अंदाज असा: विश्रांतीनंतर २० मिलिव्होल्टच्या आत फरक असेल तर वरच्या टोकाला पॅक जुळलेला आहे, ५० च्या पुढे गेला तर कुणीतरी चार्जमध्ये मागे आहे. पण इथला सुंदर आकडा बघून निश्चिंत होऊ नका. बीएमएस बॅलन्सिंग बहुतेक वेळा वरच्या टोकालाच करते, त्यामुळे क्षमता घटलेला सेलही इथे इतरांच्या मांडीला मांडी लावून बसलेला असतो. वापरलेली गाडी विकत घेताना विक्रेता पूर्ण चार्ज केलेल्या गाडीचा स्क्रीनशॉट दाखवत असेल तर १५ टक्क्यांवरचा मागा.

पायरी ३: उतरताना दर १० टक्क्यांना एक नोंद

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि निदानाचा गाभाही हीच आहे. गाडी नेहमीसारखी वापरा. ९०, ८०, ७० असं खाली येताना जमेल तिथे गाडी अर्धा तास उभी करून विश्रांतीतलं वाचन घ्या. एका दिवसात व्हायची गरज नाही, पण मध्ये चार्जिंग करू नका.

एवढ्या नोंदी कशाला? सेलचं व्होल्टेज चार्जबरोबर सरळ रेषेत उतरत नाही. वरच्या भागात एक टक्का म्हणजे साधारण १० मिलिव्होल्ट, मध्यावर त्याहून कमी, आणि तळाशी पुन्हा कितीतरी जास्त. म्हणजे एखादा सेल चार्जमध्ये कायम ३ टक्केच मागे असला तरी अ‍ॅपमधला फरक वर ३० मिलिव्होल्ट, मध्ये १५-२० आणि तळाशी त्याच्या कितीतरी पट दिसू शकतो. खाली आल्यावर फरक वाढला, म्हणून सेल गेला, असं म्हणायची घाई इथेच होते.

यावर उपाय तुमच्याच वहीत आहे. सरासरीचा स्तंभ म्हणजे तुमच्या पॅकचा व्होल्टेज-चार्ज तक्ता. संशयित सेलचं व्होल्टेज घ्या आणि सरासरी त्याच व्होल्टेजला किती टक्क्यांवर होती ते बघा. समजा ६० टक्क्यांना सरासरी ३.७८ आहे, संशयित सेल ३.७५ वर आहे, आणि सरासरी ३.७५ ला आली तेव्हा चार्ज ५५ टक्के होता. म्हणजे तो सेल ५ टक्के मागे. प्रत्येक नोंदीचा फरक असा टक्क्यांत काढा. मिलिव्होल्टमध्ये गोंधळ दिसत होता तिथे आता चित्र स्पष्ट होतं.

वर ४, मध्ये ४, खाली ४ टक्के असा एकसारखा फरक असेल तर सेल धडधाकट आहे, फक्त कमी भरलेला आहे. वर शून्य, मध्ये ५, खाली १० असा वाढत जाणारा फरक असेल तर क्षमता घटलेली आहे. मघाच्या ४८ आणि ५५ च्या उदाहरणात हेच होतं. पॅकमधून २० अँपिअर-तास काढले की ४८ चा सेल जवळपास ४२ टक्के रिकामा होतो आणि इतर ३६ टक्के. ४० काढले की तो ८३, इतर ७३. अंतर दुप्पट. आणि एखादा सेल पूर्ण चार्जला सगळ्यांच्या वर आणि तळाशी सगळ्यांच्या खाली दिसला तर क्षमता घटल्याबद्दल शंका ठेवायला नको. छोटं भांडं लवकर भरतं आणि लवकर रिकामं होतं.

२० टक्क्यांच्या खालच्या नोंदी चार्जरच्या जवळ राहूनच घ्या. कमजोर सेल असलेली गाडी स्क्रीनवरच्या शेवटच्या १५ टक्क्यांचा शब्द पाळेलच असं नाही, आणि भर वेगात पॉवर तुटली तर ते तुमच्याइतकंच मागून येणाऱ्याला धोक्याचं आहे.

गाडी एलएफपी असेल तर

लिथियम-आयर्न-फॉस्फेट सेलचं व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात ३.२ ते ३.३ च्या आसपास जवळजवळ स्थिर असतं. तिथे दोन सेल १० टक्क्यांनी वेगळे असले तरी मिलिव्होल्टमध्ये फारसं दिसत नाही, म्हणून मधल्या नोंदी वाया जातात. फक्त दोन्ही टोकं बघा. वरच्या टोकाला चार्जिंग चालू असताना १००-२०० मिलिव्होल्ट फरक दिसला तरी घाबरू नका. ३.४ च्या पुढे व्होल्टेज इतकं झपाट्याने चढतं की तो फरक बहुधा एखाद्या टक्क्याचाच असतो, आणि विश्रांतीनंतर विरून जातो. तळाकडे मात्र जो सेल सगळ्यांच्या आधी घसरायला लागतो त्याचा क्रमांक लिहून ठेवा.

पायरी ४: करंट वाहत असताना

आता रेझिस्टन्स. इथे नवशिक्यांची सर्वांत जास्त फसगत होते, आणि त्यात त्यांची चूक नसते. अ‍ॅप ९६ सेल एका क्षणात वाचत नाही. आकडे तुकड्यातुकड्यांनी येतात, आणि हळू अडॅप्टरवर पहिल्या आणि शेवटच्या सेलच्या वाचनात सेकंदाहून जास्त अंतर पडू शकतं. तेवढ्यात तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर सोडला असेल तर पहिले सेल दाबलेले दिसतात आणि शेवटचे मोकळे. तो फरक बॅटरीत नसतो, वाचनात असतो.

म्हणून करंट स्थिर हवा. लांब, एकसारख्या चढावर एकाच वेगाने गाडी चालवा आणि आकडे शेजारी बसलेल्या माणसाला बघू द्या, किंवा अ‍ॅपला फाइलमध्ये नोंदवू द्या. त्याहून सोपी जागा म्हणजे डीसी फास्ट चार्जर. गाडी उभी असते, सुरुवातीची काही मिनिटं करंट बऱ्यापैकी स्थिर असतो आणि आकडे निवांत वाचता येतात. तिथे करंट उलट दिशेने जातो, म्हणून जास्त रेझिस्टन्सचा सेल खाली न जाता इतरांच्या वर उसळतो. चढावर सर्वांत खाली आणि फास्ट चार्जिंगला सर्वांत वर तोच क्रमांक दिसला तर तो सापडला.

हिशेब सोपा आहे. समजा विश्रांतीत सगळे ३.९५ वर आहेत. १५० अँपिअर खेचल्यावर सरासरी ३.८० वर आली आणि सेल ४१ आला ३.६५ वर. सरासरी सेल १५० मिलिव्होल्टने दबला, भागिले १५० अँपिअर, म्हणजे १ मिलिओहम. सेल ४१ दबला ३०० ने, म्हणजे २ मिलिओहम, दुप्पट. हाच सेल तळाजवळ असताना तोच करंट खेचला तर तो त्याच्या किमान व्होल्टेजच्या खाली जाईल, आणि बीएमएस पॉवर कापेल.

थंड पॅकवर ही चाचणी करू नका. थंडीत सगळ्याच सेलचा रेझिस्टन्स वाढतो, आणि पॅकच्या कडेचे सेल मधल्यांपेक्षा थंड असल्याने कारण नसताना दोषी दिसतात.

पायरी ५: गाडी उभी ठेवा

पॅक ५०-६० टक्क्यांवर असताना गाडी आठवडाभर न वापरता ठेवा. आधी आणि नंतर सगळे सेल वाचा आणि प्रत्येकाचा सरासरीपासूनचा फरक ताडून बघा. इतर जागचे हलले नाहीत आणि एकटाच सेल ५-१० मिलिव्होल्ट आणखी खाली गेला, तर त्याला गळती आहे. काही गाड्या उभ्या असतानाही बॅलन्सिंग करतात, त्यामुळे खात्रीसाठी ही चाचणी पुन्हा करा. गळतीचा वेग वाढत असेल तर सेलच्या आत शॉर्ट तयार होत असल्याची शक्यता धरायला हवी. अशा वेळी मी "बघू पुढच्या महिन्यात" म्हणणार नाही.

सेल निर्दोष असण्याची शक्यता

मोजमापाची तार दोन शेजारच्या सेलच्या मधल्या सांध्याला लागलेली असते, आणि दोघांची मोजणी तिच्यावर अवलंबून असते. त्या तारेचा कनेक्टर गंजला किंवा सैल झाला तर एक सेल जितका खाली दिसतो तितकाच शेजारचा वर दिसतो, दोघांची सरासरी मात्र बरोबर असते. ४१ हा ४० मिलिव्होल्टने खाली आणि ४२ हा ४० ने वर, असं काही दिसलं किंवा आकडा गाडी हादरली की उड्या मारत असेल, तर आधी प्रशिक्षित माणसाकडून कनेक्टर तपासून घ्या. तिथे मॉड्यूल (एकत्र बांधलेल्या सेलचा संच) बदलणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

दुसरी शक्यता सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्टीची. तिचा नट सैल असेल तर रेझिस्टन्स वाढलेल्या सेलसारखंच चित्र दिसतं. फरक वेळेत आहे. पट्टीमुळे पडलेला व्होल्टेज करंट थांबताच तत्क्षणी परत येतो, खचलेला सेल मात्र पुढचे कित्येक सेकंद हळूहळू वर सरकत राहतो. सैल सांधा जोराच्या करंटला तापतो, म्हणून ही शंका आली तर गाडी लवकर दाखवा.

निदान झाल्यावर

चार्ज कमी असलेल्या सेलसाठी बहुतेक वेळा फक्त धीर लागतो. साध्या बीएमएसमध्ये बॅलन्सिंग म्हणजे जास्त भरलेल्या सेलमधला चार्ज छोट्या रेझिस्टरमधून जाळणं, आणि तो करंट फार लहान असतो. ६० अँपिअर-तासांच्या पॅकमध्ये ३ टक्के म्हणजे १.८ अँपिअर-तास, १०० मिलिअँपिअरने ते काढायला १८ तास लागतात, तेही बॅलन्सिंग सलग चालू राहिलं तर. हळू चार्जरवर १०० टक्के करून गाडी जोडलेली ठेवा, काही वेळा असं करा, आणि मग पायरी २ पुन्हा करा. फरक उतरत असेल तर काम होतंय.

क्षमता किंवा रेझिस्टन्सचा दोष कितीही बॅलन्सिंग केलं तरी जात नाही. दुरुस्ती होईपर्यंत गाडी २५-३० टक्क्यांच्या खाली न नेता आणि चढावर हलक्या पायाने चालवली तर बरेच दिवस निभावते.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर मात्र गाडी वापरणं आणि चार्ज करणं थांबवा: इन्सुलेशन फॉल्टची (हाय व्होल्टेज गाडीच्या सांगाड्याकडे गळत असल्याची) सूचना, उभ्या गाडीत दिवसेंदिवस घसरणारा सेल, विश्रांतीतही एकाच सेन्सरला जास्त तापमान, गोडसर किंवा रसायनासारखा वास. गाडी इमारतीपासून लांब, उघड्यावर लावा. २ व्होल्टच्या खाली गेलेला सेल "जरा चार्ज देऊन उठवतो" असं कुणी म्हटलं तर नकार द्या. इतक्या खाली सेलमधलं तांबं विरघळायला लागू शकतं, आणि नंतर चार्ज करताना त्यातून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो.

मॉड्यूल बदलायचा विचार असेल तर आता ते खालचे तीन सेल बघा. सर्वांत कमजोर ४८ अँपिअर-तासांचा, दुसरा ५३ चा आणि तिसरा ५४ चा असेल, तर एक मॉड्यूल बदलून पॅक ५३ वर येतो आणि खर्च सार्थकी लागतो. पण क्रम ४८, ४९, ४९ असेल आणि ते तिन्ही वेगवेगळ्या मॉड्यूलमध्ये असतील, तर एक बदलून पदरात एकच अँपिअर-तास पडेल. नव्या मॉड्यूलची क्षमता ६० असली तरी काही उपयोग नाही. पॅक चालतो तो उरलेल्यांतल्या सर्वांत कमजोर सेलवर. काम देताना वर्कशॉपला दोन प्रश्न विचारा: बदली मॉड्यूलची मोजलेली क्षमता किती, आणि बसवण्याआधी त्याचं व्होल्टेज बाकीच्या पॅकशी जुळवणार का? दुसऱ्याचं उत्तर "गाडी आपोआप जुळवून घेईल" असं आलं, तर त्यांना १८ तासांचा तो हिशेब दाखवा.